शीतल लॉजची जिवंत भिंत

"रगत! भिंतीला रगत आलं!"

जिन्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांनी एकदमच हात जोडले. वास्तुसिद्ध महाराजांनी तांब्यातलं हळदीचं पाणी भिंतीवर शिंपडलं होतं, आणि परवापर्यंत जिथे मनगट जाईल एवढी भेग होती, बरोबर तिथून लाल ओघळ उतरत होते. भेग मात्र गायब!

"ही भिंत मेलेली न्हाई!" महाराज गरजले. "जखम भराया लागली म्हंजी रगत येतं. रगत हाय तिथं जीव हाय, आन् जित्ती भिंत कंदी पडत नसती! मोठमोठे इंजिनेर आना, त्यांना ह्ये कळायचं न्हाई!"

इमारतीचे मालक कल्याणशेठ डोळे मिटून, भक्तिभावाने मान डोलवत होते. भाडं मागायला येताना हा भक्तिभाव ते घरी ठेवून येत.

नगरच्या स्टँडमागचं हे शीतल लॉज बंद पडून बरीच वर्षं झाली होती. प्रवासी गेले, दारांवरचे खोली नंबर तेवढे राहिले. शेठनी त्या खोल्या कुटुंबांना भाड्याने दिल्या. इमारत धोकादायक असल्याची नोटीस दर्शनी भिंतीवर होती. तिच्यावर कुणीतरी कोचिंग क्लासची जाहिरात डकवली होती. शहरात परवडेल अशी खोली मिळत नव्हती, म्हणून लोक नोटिशीकडे न बघता जिना चढत होते.

दया साळवे त्यांच्यातलीच. ती हायस्कूलवर विज्ञान शिकवायची आणि म्हाताऱ्या वडिलांसोबत वरच्या मजल्यावर राहायची. शाळा सुटली की स्कूटीवरून तिने सगळं सावेडी उपनगर पालथं घातलं होतं. कुठे भाडं झेपत नव्हतं. कुठे आडनाव ऐकल्यावर घरमालकाला एकदम आठवायचं, की खोली भाच्याला द्यायची ठरली आहे.

भेग रुंदावत गेली तसे भाडेकरू सामान बांधू लागले. खालच्या खोलीतला रिक्षावाला छगन आईला घेऊन पुणतांब्याला परत निघाला होता. नेमके तेव्हाच शेठनी महाराज आणले. काल दिवसभर जिना पडदा लावून बंद होता. का, तर भिंत ध्यानाला बसली होती! सगळ्यांनी मागच्या लोखंडी शिडीवरून ये-जा केली.

खांद्यावर शाळेची पर्स, हातात भाजीची पिशवी घेऊन दया गर्दीच्या मागे उभी होती. खरं सांगायचं तर त्या भिंतीवर तिलाही विश्वास ठेवायचा होता. पुन्हा खोल्या बघायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. वर जावं, चहा टाकावा, भिंत जिवंत तर जिवंत! पण छगनने रिक्षातलं बोचकं उतरवून परत खोलीकडे न्यायला घेतलं, आणि तिने पिशवी खाली ठेवली.

"महाराज, तो तांब्या जरा द्या."

"बाईमानसानं हात लावायचा न्हाई त्याला!"

"मग राहू द्या. बनुबाई, घरातली थोडी हळद द्या बरं."

छगनच्या आईने, बनुबाईंनी, हळद आणून दिली. दयाने ती पर्समधल्या बाटलीतल्या पाण्यात कालवली आणि समोरच्या, बिनभेगेच्या भिंतीवर शिंपडली. तिथे सगळं पिवळंच राहिलं.

"तिथं जखम न्हाई, मंग रगत कुठनं येनार?" महाराज हसले. लोकही हसले.

"बरोबर. आता चुन्याची डबी कुणाकडे आहे?"

अर्ध्या लोकांच्या खिशात तंबाखूबरोबरच्या चुन्याच्या डब्या होत्या, पण हात कुणाचाच हलेना. शेवटी सहादेव हमालाने आपली पुढे केली. दयाने बोटभर चुना तळहातावर घेतला, त्यावर हळदीचं पाणी टाकलं. तळहात लाल झाला.

"हा माझा हात. याला कुठे जखम आहे?" तिने हात सगळ्यांपुढे फिरवला. "हळदीला ताजा चुना लागला की ती लाल होते. समोरच्या भिंतीचा चुना जुना, तो मुरलेला, म्हणून पिवळा डाग. इथे लाल झालं, कारण इथला चुना कालचा आहे. काल पडद्यामागे ध्यान चाललं नव्हतं, लिंपण चाललं होतं."

"पाप लागंल!" महाराज ओरडले.

दयाने स्कूटीची किल्ली लाल ओघळात खुपसली. ओला गिलावा ढासळून खाली पडला. आत कोंबलेलं गोणपाट छगनने ओढून काढलं, आणि पलीकडच्या गल्लीतला उजेड थेट जिन्यात आला. टायरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती.

मग कुणी हसलं नाही. महाराज जिना उतरून शेठच्या गाडीत जाऊन बसले. शेठ मात्र थांबले.

"झालं समाधान?" ते शांतपणे म्हणाले. "आता जा. कुठं जाताय ते मलाबी बघू द्या."

बनुबाई पायरीवर टेकल्या.

"टीचर, हळदीत चुना घातला की लाल व्हतं, ह्ये मला काय ठावं न्हाई? समद्या बायांना ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून जायाचं कुटं? पडंस्तवर तरी डोक्यावर छप्पर हाय, आसं वाटलं."

दया त्यांच्याशेजारी बसली. तिला रागावता येईना. मघाशी तीही चहा टाकायलाच निघाली होती की!

"भिंत आपल्या अडचणीकडे बघून थांबायची नाही, बनुबाई."

संध्याकाळपर्यंत तिने चर्चच्या पाळकांना गाठून हॉल मागून घेतला. थोड्या दिवसांसाठीच, असं त्यांनी दोनदा बजावलं. छगनच्या रिक्षाने खेपा केल्या. हॉलमध्ये साड्या बांधून आडोसे झाले. सगळेच आले नाहीत. दोन कुटुंबं अजूनही लॉजमध्येच राहतात. भिंत अजून उभी आहे, आणि त्या घरची माणसं भेटली की म्हणतात, "कुटं पडली, टीचर?" दया दर वेळी थांबून समजावते. आजवर पडली नाही, हा काही ती पुढेही पडणार नाही याचा पुरावा नव्हे.

सोमवारी हॉलमधली सगळी माणसं अर्ज घेऊन महापालिकेत गेली. बनुबाई बाकावर दयाशेजारी बसल्या.

"म्हाराजाला आपलं दुखनं बरूबर ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणून तर आधी विचारायचं. ज्याला आपली नड माहीत आहे तो चमत्कार दाखवायला लागला, की हात जोडायच्या आधी विचारायचं, यात याचा फायदा काय? आणि डोळ्यांनी बघितलेलंही एकदा हाताने खरवडून बघायचं."

"आन् घर?"

"घर चमत्काराने मिळत नाही. ते मागावं लागतं, पुन्हा पुन्हा, ज्यांनी द्यायला हवं त्यांच्याकडे."

आतून शिपायाने हाक मारली. बनुबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि सगळ्यांच्या पुढे आत गेल्या.