भिंतीवरचा पुतण्या

मिलाग्रोसच्या सासरी देव्हाऱ्याच्या फळीवर बाळ येशूची मूर्ती होती, आणि तिला अगदी खेटून, तिच्यापेक्षा बोटभर वरच, दुधाच्या डब्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. सकाळी सासूबाई, म्हणजे नानाय साबेल, मेणबत्ती लावून हात जोडीत, तेव्हा त्या नेमकं कुणाकडे बघतात हे मिलानं बरेच दिवस बारकाईनं तपासलं होतं. तिचा हिशेब असा निघाला होता की येशूला एक नजर, कॅलेंडरला दोन.

कॅलेंडरवर एक बाळ हसत होतं. हनुवटीखाली दुसरी हनुवटी, मनगटाला दोरा आवळल्यासारखी वळी, आणि शेजारी चकचकीत डबा. बाळाचं नाव दोदोंग. मिलाच्या थोरल्या जावेचा, चारितोचा मुलगा. चारितोचा नवरा मनिलात इमारतींवर काम करी. तिथल्या एका मॉलमध्ये कंपनीच्या माणसांनी दोदोंगला पाहिलं, फोटो काढला, आणि नाताळात नानाय साबेलकडे टपालानं कॅलेंडरांची गुंडाळी आली. नानायनी एक आपल्या भिंतीवर लावलं आणि बाकीची अशी वाटली, की गिमारास बेटाच्या या टोकाला ज्या घरात पंखा नव्हता त्या घरातही दोदोंग होता.

मिलाचा इकिंग तेव्हा जेमतेम महिन्याचा होता. पोरगं तसं ठीक होतं. पीत होतं, झोपत होतं, वाढतही होतं. पण नानाय त्याला मांडीवर घेत आणि मान वर करून भिंतीकडे बघत.

"इंदाय, हा तुझ्या माहेरावर गेलाय का गं?" त्या म्हणत. सून असो की लेक, त्या सगळ्यांना इंदायच म्हणत. "आमच्यात असे सुकटीसारखे नसतात कुणी. तो बघ तिकडे कसा आहे."

"तो नऊ महिन्यांचा आहे, नानाय."

"मी कुठं काय म्हणते? बघ म्हटलं नुसतं."

मिला बघे. पाजतानाही बघे, कारण बसायची जागा भिंतीसमोरच होती. आपल्या छातीशी इकिंग चुटुचुटु आवाज करतोय, आणि समोर जावेचं पोर डब्याला टेकून हसतंय. ती आरोग्य केंद्रात स्वयंसेविका होती, दर मंगळवारी गरोदर बायकांना आईच्या दुधाचे फायदे बोटांवर मोजून दाखवी. पण भिंतीवरच्या गालांपुढे बोटं काय करणार? एका संध्याकाळी ती वाण्याकडून डबा घेऊन आली. आधी रात्रीची एक बाटली, मग दुपारची, मग मिला केंद्रात गेली की तेव्हाची. बाटलीची चव लागल्यावर इकिंग छातीशी धुसफुसायला लागला, आणि तो ओढेना तसं दूधही कमी होत गेलं. एप्रिलपर्यंत पुरतं थांबलं. इकिंगचे गाल मात्र होते तेवढेच राहिले. नवरा रोडेल दिवसभर फेरीबोटीवर असे. डब्यांचे पैसे मागितले की तो डोकं खाजवी आणि देई.

त्याच उन्हाळ्यात नियम आले. म्हणजे कायदा जुनाच होता, पण आता केंद्रातल्या सुईणबाईंनी बैठक घेऊन सांगितलं: तान्ह्या बाळाच्या दुधाची जाहिरात दुकानात नको, दवाखान्यात नको, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नको, फुकट नमुने नकोत, कंपनीची भेटवस्तू नको. जिथं जिथं चित्रं लावलीत ती उतरवायला कोण जाईल?

त्यांचं वाक्य संपायच्या आत मिलाचा हात वर होता. तिच्या शेजारणीला वाटलं, काय ही तळमळ!

तळमळ होतीच. मिलानं केंद्राचं निळं जाकीट घातलं, हातात खरवडायची पट्टी घेतली आणि पहिलं दुकान गाठलं ते तिया पासिंगचं. पासिंगमावशीच्या जाळीच्या खिडकीवर दोदोंग होता, थोडा उन्हानं पिवळा पडलेला.

"हे काढायचंय, तिया. सरकारचा नियम आहे."

"काढ की. माझा का तो लागतो कुणी? तुझाच पुतण्या." पासिंग साबणाच्या वड्या रचत होती. "आणि संध्याकाळी डबा न्यायला येशील ना, तेव्हा हे निळं जाकीट घरी ठेवून ये. नाहीतर मला कळायचं नाही, गिऱ्हाईक आलंय का सरकार."

मिलाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. पण चित्र सुटताना दोदोंगचा एक गाल फाटला, आणि तिला फार बरं वाटलं. इतकं बरं, की पुढच्या दुकानात तिनं गालापासूनच सुरुवात केली.

घरी आल्यावर ती जाकीट न काढताच देव्हाऱ्यापुढे उभी राहिली.

"नानाय, हेही उतरवावं लागेल."

नानाय तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "का?"

"कायदा आहे."

"कायदा दुकानाला आहे. मी इथं दुकान मांडलंय? ही माझी भिंत, तो माझा नातू."

"हाही तुमचाच नातू आहे!" मिलानं इकिंगला पुढं केलं.

"मग त्याचा फोटो आण. त्याला कोण नको म्हणतंय? शेजारी लावू." आणि नानाय पुन्हा सूप घेऊन बसल्या. मिलाला हा निवाडा असा लागला, की शेजारी लावलेला फोटो कसा दिसेल ते तिला लगेच दिसलं.

आंब्याच्या जत्रेला चारितो आली. नवऱ्याचं कंत्राट संपून दुसरं लागायला महिना होता, म्हणून मुलाला घेऊन सासरी राहायला. धक्क्यावरून घरापर्यंत अर्धी वस्ती मागे. ज्याचा चेहरा पाच महिने भिंतींवर बघितला तो हाडामांसाचा कसा दिसतो, हे सगळ्यांना बघायचं होतं.

चालता-फिरता दोदोंग सव्वा वर्षाचा होता. गाल ओसरले होते, दुसरी हनुवटी गेली होती, नाकाला धार लागली होती, आणि गुडघ्याला खरचटलेलं होतं.

"हाच का गं तो?" कुणीतरी विचारलं.

"हाच. धुतल्यावर ओळखू येतो," चारितो म्हणाली आणि सगळे हसले.

मिलाही हसली, जरा जास्तच मोकळेपणानं. कितीतरी दिवसांनी तिला इकिंग कडेवर घेऊन चारचौघांत उभं राहावंसं वाटलं. तेवढ्यात दोदोंगला झोप आली. तो चारितोच्या मांडीवर चढला, स्वतःच्या हातानं तिचा ब्लाउज वर केला, आणि आपल्या मालकीची वस्तू असल्यासारखा पिऊ लागला.

मिलाचं हसणं गालातच राहिलं.

"मानांग," ती म्हणाली. थोरली जाऊ, म्हणून मानांग, म्हणजे ताई. "हा अजून पितो?"

"अजून? अगं, सोडतोय कुठं!"

"आणि डबा?"

"कसला डबा?" चारितोनं भिंतीकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. "हां, तो! अगं, फोटोच्या दिवशी यानं तो डबा तीनदा लाथाडला. बाटली दाखवली तर गळा काढला. शेवटी मी पडद्यामागं नेऊन पाजलं, तेव्हा कुठं हसला. ते जे हसतोय ना भिंतीवर, ते पोट भरल्यावरचं आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? त्यांनी सांगितलं, बोलायचं नाही. मलाही वाटलं, गंमत आहे. नानायना फोटो मिळाला, त्या खूश. तुला काय झालं गं?"

मिलाला काय झालं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. आजवर ती चारितोच्या डब्यावर जळत होती, तर जळण्याची वस्तूच चुकलेली. आता तिला पुढ्यात दिसत होता तो ओला ब्लाउज. हे तर तिच्याकडेही होतं! तिनं ते आपल्या हातानं दिलं होतं, त्याच पोराच्या हसण्याकडे बघून, जे पोर हेच पिऊन हसत होतं. या व्यवहारात फसवलं कुणी, हे ती रात्री जेवतानाही शोधत होती. कंपनी तर होतीच. पण कंपनीचा हात धरून तिला दुकानापर्यंत कुणी नेलं होतं, ते नाव तिला घ्यायचं नव्हतं.

समोर नानाय ताटात माशाचे काटे बाजूला लावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धक्क्याजवळच्या दोन दुकानांवरची चित्रं उरली होती. मिला मुद्दाम सकाळीच निघाली. घरात त्या ब्लाउजसमोर बसणं नको होतं. इकिंगची बाटली तयार करून तिनं नानायकडे दिली. चित्रं काढताना आज काही मजा आली नाही. एका दुकानदाराशी उगाच वाद घातला, आणि बोटीची गर्दी म्हणून परतायला उशीर झाला.

दारातच ती थबकली. चारितो भिंतीला टेकून बसली होती. तिच्या एका मांडीवर दोदोंग होता, दुसऱ्या मांडीवर इकिंग. तिचा इकिंग. डोळे मिटलेले, मूठ चारितोच्या छातीवर ठेवलेली, आणि तो चुटुचुटु आवाज. एप्रिलपासून मिलाच्या कानांनी तो ऐकला नव्हता.

"बाटलीला माशी लागली, ओतून टाकली," चारितो हळू म्हणाली. "डब्यात तळाला चमचाभर उरलेलं. रडरड रडला गं, मग मी..."

"दे त्याला इकडं."

"झोपेल आता, थांब जरा..."

"दे म्हटलं ना! तुझ्या पोराचा फोटो झाला, भिंत झाली, सासू झाली. आता माझं पोरही पाहिजे?"

आतल्या खोलीतून नानाय बाहेर आल्या. मिलानं इकिंगला ओढून घेतलं. त्यानं चेहरा वाकडा केला, भोकाड पसरलं, आणि मान फिरवून, उघडपणे, चारितोकडे बघितलं. सहा महिन्यांच्या पोराला एवढी अक्कल असते हे मिलाला कुणी सांगितलं नव्हतं.

ती तिथंच खाली बसली. तिला रडू आलं, आणि तिला बघून इकिंगनं आवाज आणखी चढवला.

चारितोनं दोदोंगला खाली ठेवलं. "ऐक," ती म्हणाली. "तुझं पोर घेऊन मी काय करू? माझं एकच मला चावतंय. डबा काही विष नाही. माझ्या बहिणीला दूध आलंच नाही, तिचा पोरगा डब्यावरच वाढला आणि आता शाळेत मारामाऱ्या करतो. पण तुला तर येत होतं ना?"

"येत होतं."

"मग सोडलंस का?"

 मिलानं मान वर करून कॅलेंडरकडे बघितलं. नानायनी ती नजर कुठं गेली ते बघितलं, आणि पदर नसलेल्या बाईनं पदर सावरावा तसा उगाच झग्याचा काठ ओढला.

"मी बघ म्हटलं होतं," त्या पुटपुटल्या. "सोड म्हटलं नव्हतं."

"रोज म्हणत होतात, नानाय."

 मग चारितो सरकून मिलाच्या शेजारी आली. "मला विचारशील तर, परत येऊ शकतं. ओढत ठेवायला पाहिजे, दिवसातून कितीदा तरी. सुईणबाईंना विचार, तुझ्याच केंद्रात सांगतात ना हे?"

सांगतात, हे मिलाला माहीत होतं. मंगळवारी तीच सांगे. पण केंद्रात जाऊन निळं जाकीट अंगात असताना हे स्वतःसाठी विचारायचं, त्यापेक्षा जावेपुढं तोंड उघडणं स्वस्त पडेल, असा तिनं चटकन हिशेब केला. तेही फार स्वस्त नव्हतं.

"दाखव," ती म्हणाली. "कसं धरायचं ते."

इकिंगनं आधी तोंड फिरवलं. मग चारितोनं आपल्या दुधाचे चार थेंब मिलाच्या छातीवर टिपले. तेव्हा त्यानं तोंड लावलं, ओढलं, फसवल्यासारखा थांबला, रडला, पुन्हा ओढलं. मिलाला दुखलं. तिनं ओठ आवळले आणि चारितोच्या हातावरची पकड सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी जाकीट घरी ठेवून ती केंद्रात गेलीच; डबा लगेच बंद करायचा नाही, असं सुईणबाईंनी बजावलं. पासिंगमावशीकडचं खातं तसंच राहिलं. नानाय शेवग्याचा पाला घालून माशाचं कालवण करू लागल्या आणि पहिली वाटी मिलापुढं ठेवू लागल्या.  आठवडाभरानं एका दुपारी इकिंगच्या ओठाच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं. मिलानं ते बोटानं पुसून बघितलं, आणि ते चारितोचं नाही ना, याची आधी खात्री करून घेतली.

चारितो महिनाअखेरीला जाणार होती. ती अंगणात कपडे वाळत घालताना दिसली की इकिंग अजूनही तिच्याकडे झेप घेई, आणि प्रत्येक वेळी मिला त्याला अलगद दुसऱ्या कडेवर वळवी. जाऊ कधी एकदा जाते असं तिला होई, आणि ती गेल्यावर दूध थांबलं तर, या धास्तीनं तिला आणखी आठवडाभर ठेवून घ्यावंसंही वाटे. दोन्ही एकाच वेळी, एकाच कडेवर पोर घेऊन.