डावी बाजू

हंगाम संपला तेव्हा संघ तळाला जाता जाता वाचला होता. क्लबच्या ऑफिसात अजून कुणी मोकळेपणाने हसत नव्हतं.

संघाची बांधणी ताईंकडे होती. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, बाहेरून कोणाला आणायचं, हे सगळं दोन हंगामांच्या मधल्या काळात त्यांनी ठरवायचं आणि मास्तरांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, कुरकुर करत मान डोलवायची, अशी पद्धत पडली होती. ताई स्वतः फुटबॉल खेळलेल्या. गुडघ्याने दगा दिला तेव्हा बूट उतरवून खुर्चीत बसल्या. संघाचा गोलकीपर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो ताई म्हणायचा म्हणून बाकीचे म्हणू लागले, आणि बघता बघता अध्यक्षांपासून गवत कापणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्याच त्या ताई झाल्या. भावाला मात्र सगळे खांब म्हणत. गोलाला दोन खांब असतात, आमच्याकडे तीन आहेत, असं प्रेक्षक कौतुकाने सांगत.

त्या दुपारी ताई आणि मास्तर पांढऱ्या फळ्यासमोर उभे होते. फळ्यावर मैदान आखलेलं आणि त्यावर लोहचुंबकाच्या चकत्या, प्रत्येक खेळाडूची एक. वर्षभरात खाल्लेल्या गोलांपैकी निम्म्याहून जास्त डावीकडून आले होते. पाणी कुठे मुरतंय ते उघड होतं. डावा बचावपटू हा संघातला सगळ्यात जुना खेळाडू. नव्या पोरांना बुटाच्या नाड्या कशा बांधायच्या इथपासून सगळं शिकवायचा, म्हणून त्याला मामा म्हणत.

"पुन्हा लावा तो तुकडा," मास्तर म्हणाले.

ताईंनी लॅपटॉपवर लावला. प्रतिस्पर्धी डाव्या कडेने धावत येतोय आणि मामा त्याला अडवायचं सोडून आत, गोलाच्या खांबाकडे सरकतोय. कड मोकळी. चेंडू आत. गोल. दुसऱ्या सामन्यातही तेच, तिसऱ्यातही तेच.

"पाय थकले की माणूस आत सरकतो," मास्तर म्हणाले. "धावायला कमी लागतं ना! वाईट वाटतंय हो, पण आता पुरे."

ताईंनाही तेच वाटत होतं. त्यांनी दुसऱ्या एका क्लबचा तरुण डावा बचावपटू हेरून ठेवला होता. पोरगा वाऱ्यासारखा पळायचा. त्याचे सामने त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले होते, त्याच्या आईवडिलांकडे चहा घेतला होता. आता फक्त सह्या व्हायच्या होत्या. त्यांनी मामाची चकती फळ्यावरून काढली आणि टेबलावर ठेवली.

"आणि खांब?" त्यांनी मुद्दामच विचारलं. "माझा भाऊ म्हणून ठेवू नका हं. लोक बोलतात."

"बोलू देत. खांबाला हात लावला तर छप्पर माझ्याच डोक्यावर पडेल," मास्तर म्हणाले. मग दोघंही थोडे हसले.

मामाला सांगायचं काम ताईंनी स्वतःकडे घेतलं. तो व्यायामशाळेतून आला, मानेवर टॉवेल टाकून समोर बसला. ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आवाज चढेल, निदान डोळे तरी भरतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. मामाने टॉवेलने मान पुसली आणि म्हणाला, "बरं."

"बरं काय? इतकी वर्षं खेळलास इथे. काहीतरी बोल."

"बोलायचंय काय त्यात, ताई? तुम्ही विचार करूनच ठरवलं असणार." त्याने टॉवेलची घडी केली. मग म्हणाला, "नवीन पोरगा बोलका आहे का?"

"म्हणजे?"

"मैदानात ओरडतो का? डाव्या बाजूला ओरडणारा माणूस पाहिजे. गप्प खेळणारा असेल तर नका घेऊ. एवढं ऐका माझं."

ताईंना ते विचित्र वाटलं. नोकरी गेलेला माणूस आपल्या जागी येणाऱ्याचा आवाज कसा आहे ते विचारतोय. पण धक्का बसलेला माणूस काहीही बोलतो, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्या तरुण पोराच्या क्लबला फोन लावायच्या बेतात होत्या. मास्तर शेजारीच कॉफी ढवळत बसले होते. दार न वाजवता खांब आत आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"मामाला काढलंत?"

"दार वाजवायची पद्धत आहे," ताई म्हणाल्या. ऑफिसात त्या भावाशी ऑफिससारखंच वागत.

"ताई, मामाला काढू नकोस. मला काढ."

मास्तरांनी चमचा खाली ठेवला. "सकाळी सकाळी काय नाटक हे?"

"मला डावीकडचं दिसत नाही," खांब म्हणाला.

 बाहेर गवत कापायचं यंत्र चालू होतं, तेवढाच आवाज.

"दिसत नाही म्हणजे? चष्मा लागलाय का?" ताईंनी विचारलं.

"चष्म्याचं नाही. समोरचं दिसतं, अक्षरं वाचता येतात. पण डाव्या डोळ्याच्या कडेचं सगळं गेलंय. आधी धूसर होतं, आता नाहीच. मागच्या वर्षी कॉर्नर किकच्या गर्दीत कोपर बसलं होतं बघ डोळ्यावर, त्यानंतर हळूहळू."

ताईंना तो दिवस आठवत होता. डोळा सुजून लालबुंद झाला होता, मग सूज उतरली, आणि पुढच्या सामन्याला खांब पुन्हा गोलात उभा होता. क्लबच्या तपासणीत भिंतीवरची अक्षरं त्याने घडाघडा वाचली होती.

मास्तर उठले. काही न बोलता ते खांबाच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. खांब ताईंकडेच बघत होता. मास्तरांनी टेबलावरचा फळा पुसायचा डस्टर उचलला आणि अलगद त्याच्या दिशेने फेकला. जगातला सगळ्यात चपळ गोलकीपर, असं ज्याला ते गमतीने म्हणायचे, तो जागचा हलला नाही. डस्टर गालावर आपटला तेव्हा तो दचकला. गालावर निळी शाई उमटली.

मास्तरांनी डस्टर उचलून परत टेबलावर ठेवला.  ताईंनी लॅपटॉप पुढे ओढला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. मामा आत सरकत होता. थकलेल्या पायांनी नव्हे. तो दरवेळी नेमका तिथे जात होता जिथलं खांबाला दिसत नव्हतं. कड मोकळी सोडून तो गोल झाकायला येत होता, आणि तोंड उघडं होतं, ओरडत होता. आवाज बंद ठेवून पाहत असल्यामुळे ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

"मामाला माहीत होतं," ताई म्हणाल्या.

"हो."

"अजून कोणाला?"

खांबाने गालावरची शाई पुसली. मग म्हणाला, "बायकोला."

"अजून?"

"आईला."

गोल खाल्ले, संघ बुडता बुडता वाचला, हे सगळं एका बाजूला. ताई दर रविवारी आईकडे जेवत होत्या. खांबाची बायको डाव्या बाजूला बसून त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवायची, त्याला पाण्याचा पेला हातात द्यायची. नवरा-बायकोचे लाड म्हणून ताई तिला चिडवायच्या. आणि आई विषय बदलायची.

"मला सोडून सगळ्यांना," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला.

"तुला कसं सांगणार?"

ताई उठल्या आणि बाहेर गेल्या. जिन्याखाली जाळ्या, शंकू आणि जुने चेंडू ठेवायची खोली होती. तिथे जाळ्यांच्या ढिगावर त्या बसून राहिल्या. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.  परत वर आल्या तेव्हा त्यांनी पहिला फोन डोळ्यांच्या डॉक्टरांना लावला.

डॉक्टर मितभाषी बाई होत्या. बऱ्याच तपासण्या झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. "मार लागल्यावर कधी कधी डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू म्हणतात त्याला. दुखत नाही, कळत नाही, आणि कडेपासून नजर खात येतो. गेली ती नजर परत येत नाही. उरलेली वाचवता येईल. थेंब रोज, आणि बहुतेक शस्त्रक्रिया."

"आधी आलो असतो तर?" खांबाने विचारलं.

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "आधी आला असतात तर बरीचशी वाचली असती."

"आणि खेळ?"

"त्याच डोळ्यावर पुन्हा कोपर बसलं, तर मी काही करू शकणार नाही."

 भावाला घरी सोडून ताई तडक मामाकडे गेल्या. तो अंगणाच्या फाटकाला हिरवा रंग देत होता. ताईंना बघून उठला, रंगाचा हात पँटला पुसला.

"कळलं तुम्हाला," तो म्हणाला. "बरं झालं. मलाही सुटल्यासारखं वाटतंय."

"सुटल्यासारखं?" ताईंचा तोल गेला. "वर्षभर सगळ्यांना मामा बनवलंस, आणि सुटल्यासारखं?"

"मी माझ्यासाठी केलं का? मी शिव्या खाल्ल्या, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या माझ्यावर. त्याचं नाव राहावं म्हणून. तो म्हणाला, एक हंगाम सांभाळ. मी सांभाळलं."

"तू सांभाळलं नाहीस, झाकलंस. त्याच महिन्यात त्याला डॉक्टरकडे नेलं असतंस तर डोळा राहिला असता. आज डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं."

मामाचा चेहरा एकदम उतरला. हातातला ब्रश पायावर पडला, चपलेवर हिरवा डाग पसरला, त्याचं त्याला भान नव्हतं.

"राहिला असता?"

"बरीचशी नजर राहिली असती."

"मला वाटलं गेलाच आहे. मार बसला, गेला, संपलं. आता असेल तेवढं खेळून घेऊ दे पोराला." तो फाटकाला टेकला, ओल्या रंगावरच. "ताई, म्हणजे तो आजार वाढत होता? मी ओरडत होतो तेव्हा, दर सामन्याला, तो वाढत होता?"

ताईंना त्याला अजून खूप बोलायचं होतं. पण एवढा मोठा बाप्या ओल्या रंगाला टेकून हमसून हमसून रडायला लागल्यावर बोलणार काय? त्यांनी त्याला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतःही बसल्या.

पुढचे दिवस सगळं उलटंपालटं झालं. वाऱ्यासारख्या पोराच्या क्लबला फोन करून नकार कळवावा लागला. तिथल्या माणसाने ताईंना जे सुनवलं ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मामाचा करार एका हंगामाने वाढवला. मास्तरांचा विरोध होता. खोटं बोलणारा माणूस संघात नको, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाल्या, "खोटं बोलला म्हणून रागवा, पण म्हातारा झाला म्हणून काढू नका. तो म्हातारा झालेला नाही." मास्तर शेवटी म्हणाले, "पहिले दोन सामने बाकावर बसवीन त्याला." तेवढ्यावर भागलं.

खांबाच्या कागदावर ताईंनीच सही केली. तो करार संपल्याचा कागद होता. आई त्या रविवारी त्यांच्याशी बोलली नाही. भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ताई जेवल्या, ताट उचललं, आणि निघाल्या.

शस्त्रक्रियेनंतर त्या भावाला भेटायला गेल्या. संध्याकाळ होती. डोळ्यावर पट्टी बांधून तो खिडकीशी बसला होता. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग त्याने विचारलं, "तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या घरात खोटं पुरेसं बोलून झालं होतं.

"त्याच दिवशी गोलातून काढलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं."

 भावजयीने दोन कप चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच ताईंकडे बघून म्हणाली, "साखर कमी घातलीय तुमच्यात."

चहा पिऊन झाल्यावर ताईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला. नवीन गोलकीपर हवा होता, हंगाम तोंडावर आला होता, आणि मास्तरांना एकही पसंत पडत नव्हता. त्या विचारू की नको करत होत्या, तेवढ्यात खांब म्हणाला, "उजवीकडे धर जरा. हां. लाव."

पहिला गोलकीपर त्याने शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्याला मात्र लगेच नाक मुरडलं. "खाली येणारे चेंडू हा पायाने अडवतो, हात लावायला भितो. हा नको."

"मास्तरांना हाच बरा वाटतोय."

"मास्तर स्वतः कधी गोलात उभे राहिलेत का?" तो चिडून म्हणाला. "पहिला परत लाव. आणि आवाज मोठा कर. तो बचावपटूंशी बोलतो की नाही ते ऐकायचंय मला."