न वाळलेलं गंध

“आधी गोड्या पाण्यानं धुवा, मग वाळवा, मगच झाका.” मला घडवणाऱ्या सुब्बा मेस्त्रींचे हे शब्द अजून माझ्या फळ्यांत आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी, शर्यतीची छोटी शिडाची होडी आहे. मद्रासच्या बंदरात एका छपराखाली राहते. कनका आणि तिचा मोठा भाऊ गुरुराज होडी निवडायला आले, तेव्हा गुरुराजला शेजारची निळी, चकचकीत होडी आवडली होती. कनकानं मात्र आम्हा दोघींच्या फळ्या वाजवून पाहिल्या, शिडाच्या शिवणी ताणून पाहिल्या आणि म्हणाली, “अण्णा, हीच.” त्या दिवशी मला किती बरं वाटलं, काय सांगू!

वर्षभर त्यांनी मला जपलं. परत आलं की अंगावरचं मीठ धुवायचं, शीड वाळवूनच घडी घालायची. शर्यती जिंकलो, कौतुक झालं. मग परीक्षा आल्या. एका संध्याकाळी घाईत ओल्या अंगावरच ताडपत्री ओढली गेली, ती सुट्टी संपेपर्यंत कुणी काढली नाही. आत ऊन नाही, वारा नाही. तळाजवळची एक फळी मऊ पडू लागली. मला कळत होतं, पण होडीला तोंड कुठे असतं?

विजयादशमीला मोठी शर्यत होती. जिंकेल ती जोडी मुंबईच्या शर्यतीला जाणार. मुलांचा सराव सुरू झाला आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. भर समुद्रात फळी सुटली, तर ही लेकरं काय करतील? देवाचं नाव घेण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

आदल्या दिवशी आयुधपूजा होती, म्हणजे हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. कनकानं मला कुशीवर कलंडवून प्रत्येक फळीला गंधाचं बोट लावलं. समुद्रवाऱ्यानं सगळे ठिपके वाळले. एक तेवढा ओलाच राहिला.

“गंध पातळ झालं असेल, वेडाबाई,” गुरुराज म्हणाला.

“सगळं एकाच वाटीतलं आहे, अण्णा.”

तिनं पुसून पुन्हा लावलं. पुन्हा ओलंच. अंगठ्यानं दाबलं, तर फळीतून पाणी पाझरलं.

“उद्याचा दिवस निभेल गं. आल्यावर बदलू फळी.”

“आईला काय शब्द दिलाय आपण? होडीत खोट दिसली, तर पाण्यात जायचं नाही.”

“आई काय फळी दाबून बघायला येणार आहे? आणि मुंबई?”

कनकाचे डोळे भरले.

मित्रांनो, ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या अंगावरून रोज एकदा हात फिरवत जा. आमचं दुखणं हातालाच कळतं.

पलीकडे धक्क्यावर शर्यतीचे प्रमुख अमरसिंहसाहेब निशाणं बांधत होते. कनकानं परकराला हात पुसले.

“कनके, थांब ना!”

ती थांबली नाही. शर्यतीतून नाव मागे घ्यायला, मान खाली घालून, ती त्यांच्याकडे चालू लागली.