एवारिस्तोची गिटार आणि मोजणारी पेटी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, ही हकीकत तुम्हांला पटणार नाही. आजवर एकालाही पटलेली नाही. गेल्या महिन्यात त्या कोपऱ्यातल्या पियानोला सांगितली, तर हसता हसता त्याच्या तीन पट्ट्या आत बसल्या, त्या अजून वर आलेल्या नाहीत. तरी सांगते. माझं वय झालं आहे आणि तुम्ही शनिवारच्या संगीताच्या वर्गाला वेळेआधी आला आहात.

मी एक जुनी गिटार आहे. विजेवर वाजणारी. अंगावर पांढरा रंग आहे, आणि जिथे तो उडाला तिथे खालचं तांबूस लाकूड दिसतं. ते तांबूस लाकूड म्हणजे खरी मी.

सान फ्रान्सिस्कोच्या याच मिशन मोहल्ल्यात, स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या वस्तीत, फॉल्सम रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये माझा जन्म झाला. देल्फिनो नावाचा सुतार चर्चची बाकं दुरुस्त करायचा. एका मोडक्या बाकाची फळी उरली, ती त्यानं फेकली नाही. त्या फळीवर साठ वर्षं म्हाताऱ्या बायका बसून उसासे टाकत होत्या. ते सगळे उसासे लाकडात मुरलेले. देल्फिनोनं मला कापलं, घासलं, तारांखाली चुंबक बसवले, आणि पहिल्यांदा तार छेडली, तेव्हा शेजारच्या तीन घरांतल्या बायकांनी एकदम क्रूसाची खूण केली. हे खरं आहे. फार तर दोन घरं असतील.

देल्फिनोनं मला आपल्या भाच्याला दिलं. भाच्याचं नाव एवारिस्तो मोन्तान्यो. हात लांबसडक, मिशी भरघोस, आणि बोलणं फार कमी. जे बोलायचं ते माझ्याकडून बोलून घ्यायचा. त्याच्या बँडचं नाव होतं 'लॉस वेसिनोस', म्हणजे शेजारी. नावाप्रमाणे सगळे एकाच गल्लीतले. आम्ही रॉक वाजवायचो, पण त्याच्या पोटात आमच्या आज्यांचे नाच असायचे. डोलोरेस बागेत आम्ही वाजवायला लागलो की रस्त्यावरच्या बुटक्या, चकचकीत गाड्या आपापल्या चाकांवर उड्या मारायच्या. एकदा मंगळवारी एवारिस्तोनं माझ्यावर एक सूर लावला. तो इतका लांबला, की खाडी ओलांडून ओकलंडला गेला आणि गुरुवारी धुक्याबरोबर परत आला. जरा गारठला होता, एवढंच.

लोक म्हणायचे, "काय गिटार आहे!" मला ते आवडायचं. अजूनही आवडतं. पण खरी गोष्ट अशी, की मी हवेत तरंगायचे ती कुणाच्या तरी जमिनीवर. ती जमीन म्हणजे निकानोर साल्गादो.

निकानोर कोंगा वाजवायचा. पहाटेपासून बेकरीत कणीक मळायची आणि दुपारनंतर ढोल मळायचे, असा त्याचा दिवस. हात भाकरीच्या तव्याएवढे. एवारिस्तोला मुलगी झाली, ग्रासिएला, तेव्हा बाप्तिस्म्याला तिला त्याच हातांनी धरलं. तो तिचा धर्मबाप झाला, आणि त्या दिवसापासून दोघं मित्र एकमेकांना कंपाद्रे म्हणायला लागले. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा अवघड. भावाशी भांडता येतं.

आता नीट ऐका. आमच्या संगीताला एक कणा असतो, त्याला क्लावे म्हणतात. दोन काठ्यांचे पाच ठोके. तालाच्या एका घरात तीन, पुढच्या घरात दोन. गाणं तीनच्या घरातून निघायचं की दोनच्या, हे आधी ठरतं, आणि मग शेवटपर्यंत ते मोडायचं नाही. उलटं पडलं तर ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचे पाय अडखळतात. एवारिस्तोनं वीस वर्षांत हे एकदाही मोजलं नाही. गरजच पडली नाही. मोजायला शेजारी निकानोर होता. एवारिस्तो डोळे मिटून वर जायचा आणि उतरायचा तेव्हा जमीन बरोबर पायाखाली असायची.

मग त्र्याऐंशी साल आलं. बँड पांगला होता. एक जण बस चालवायला लागला, एक लॉस एंजेलिसला गेला. उरले हे दोघं. रेडिओवर नवी गाणी लागायची. छोटी, चकचकीत, साबणाच्या फुग्यांसारखी. ग्रासिएला चौदा वर्षांची होती. आरशासमोर केसांचा मनोरा रचत ती हीच गाणी म्हणायची.

एकदा एवारिस्तोनं विचारलं, "माझं एखादं म्हण की."

"पापा, तुमचं कसं म्हणू? तुमचं गाणं सुरू होतं, मी कपडे धुवायला टाकते, वाळत घालून परत येते, तरी तुमची गिटार बोलतेच आहे!"

तिची आई ओतिलिया इतकी हसली की हातातला डाव मोलेच्या रश्श्याच्या पातेल्यात पडला. एवारिस्तोही हसला. पण त्या दुपारी त्यानं मला मांडीवर घेतलं आणि वाजवलं नाही. नुसता हात ठेवून बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. सगळ्या मोहल्ल्याला नाचवलं, आणि स्वतःच्या मुलीच्या ओठांवर त्याचं एक गाणं नाही. मार्चमध्ये तिचा पंधरावा वाढदिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी मुलगी मोठी होते. त्यानं ठरवलं, त्या दिवशी तिला एक गाणं द्यायचं. तिच्या काळातलं. तीन मिनिटांचं.

मित्रांनो, त्यासाठी त्यानं काय काय सोसलं! मिशी काढली. सकाळी ओतिलिया म्हणाली, "अहो, तुम्ही कोण? माझा नवरा यायच्या आत निघा." रुंद खांद्यांचा कोट आणला. मलाही पांढरा रंग दिला. माझ्या वायरला एक डबी जोडली, तिनं माझा आवाज असा झाला की जणू मी पाण्यानं भरलेल्या बादलीत बसून गाते आहे. मी आठवडाभर रुसले होते. पण खोटं का बोलू? ते गाणं चांगलं होतं. साधं होतं. त्यात उगाच एकही सूर नव्हता. वीस वर्षं मी माणसांना दिपवत होते, त्या गाण्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी जवळ घेत होते.

आणि मग ती पेटी आली. टोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, डब्याएवढी, वर बटणांच्या रांगा. बटणं दाबून ठोके भरायचे, की ती न थकता वाजवत राहते. रेकॉर्ड कंपनीतल्या एका गृहस्थानं सांगितलं होतं, "हल्ली हेच चालतं. ढोलवाला कशाला?"

त्या सकाळी निकानोर बेकरीतून गोड पावांची पिशवी घेऊन आला, तर पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

"हा कोण पाहुणा?" त्यानं विचारलं.

"ताल धरते," एवारिस्तो म्हणाला.

"अस्सं! खाते काय?"

"वीज."

"मग परवडली. मला सहा तामाले लागतात." निकानोरनं एक बटण दाबलं. पेटी टकटकली. "चुकत नाही?"

"नाही."

"थकत नाही, चुकत नाही, तुझ्या बायकोच्या हातच्या जेवणाला नावं ठेवत नाही. ओतिलिया, हिच्याशी लग्न लाव गं कुणाचं तरी!"

ओतिलिया हसली नाही. निकानोरनं पिशवी टेबलावर ठेवली.

"कंपाद्रे, मला काढतोयस तर तुझ्या तोंडानं सांग. पेटीकडून निरोप नको."

एवारिस्तो माझ्या तारांकडे बघत राहिला. "हे पोरीसाठी आहे रे. तिच्या पद्धतीचं गाणं..."

"पोर माझीपण आहे," निकानोर म्हणाला. मग दाराकडे वळत, "येईन मी. धर्मबाप आहे, यायलाच हवं. कोट घालून येईन. हात खिशात घालून बसेन." आणि गेला. पाव टेबलावरच राहिले. त्या दिवशी ते कुणी खाल्ले नाहीत.

पुढचे तीन आठवडे एवारिस्तो कानाला हेडफोन लावून पेटीत ठोके भरत बसला. पाच ठोके त्याला झोपेतही पाठ होते. त्यानं ते भरले. पण कुठल्या घरातून सुरू करायचे, हे त्यानं जन्मात कधी मोजलेलं नव्हतं. गाणं निघत होतं दोनच्या घरातून, पेटी निघत होती तीनच्या. खुर्चीवर बसून वाजवणाऱ्याचे पाय नाचत नाहीत, त्यामुळे चूक कुणाच्या पायाला लागली नाही. मला कळत होतं. पण मला विचारतो कोण?

समारंभ रविवारी दुपारी तीनला, चर्चच्या हॉलमध्ये. ग्रासिएला आकाशी झग्यात. आमच्याकडे अशा दिवशी एकेका वस्तूची जबाबदारी एकेकाची असते. केक एकाचा, मुकुट एकाचा. टाचांचे बूट निकानोरचे. मुलीच्या पायातले सपाट बूट काढून बाप तिला पहिले उंच टाचांचे बूट घालतो. निकानोर उशीवर बूट घेऊन आला. एवारिस्तो गुडघ्यावर बसला. दोघांचे हात हातभर अंतरावर होते आणि दोघंही बुटांकडेच बघत होते.

"थँक्यू, पाद्रीनो," ग्रासिएला धर्मबापाला म्हणाली.

"चाल जपून, माझ्या राजा," निकानोर म्हणाला, आणि भिंतीशी जाऊन बसला. हात खिशात.

एवारिस्तोनं मला गळ्यात घातलं. "हे माझ्या मुलीसाठी," म्हणाला आणि पायानं पेटीचं बटण दाबलं.

पहिले काही क्षण सगळे खूश. मग लोक नाचायला लागले, आणि हॉलभर जणू पायरी चुकली. जोड्या एकमेकांवर आदळायला लागल्या. रेफुहियो आत्या, जी ऐंशीव्या वर्षी लग्नाच्या वरातीत तीन तास नाचली होती, ती मध्येच थांबून ओरडली, "अगं बाई, माझे गुडघे गेले की काय?" एक काका म्हणाला, "गुडघे नाही आत्या, जमीनच गेली!" लोक हसले. एकेक जण खुर्च्यांकडे सरकायला लागला. मधोमध एकटी ग्रासिएला. नव्या टाचांवर, बापाच्या गाण्यावर पाऊल टाकायला बघत होती, आणि प्रत्येक पाऊल चुकत होतं. तिला वाटलं, आपलंच चुकतंय. तिचे डोळे भरून आले.

एवारिस्तोला घाम फुटला. काय बिघडलंय ते त्याला कळेना. घाबरला की तो जास्त वाजवायचा. मला जोरात, भराभर छेडायला लागला. मी किंचाळत होते. खाली जमीन नव्हती. भिंतीशी निकानोरला सगळं कळलं होतं, पहिल्याच ठोक्याला. कोटाच्या खिशांत त्याची बोटं बरोबर ताल धरत होती. पण बोलावल्याशिवाय तो उठणार नव्हता.

आता माझा पराक्रम ऐका. मी मनाशी म्हटलं, आता ह्या घराला आपणच वाचवायचं. मी श्वास रोखला, अंग ताणलं, आणि स्वतःची पहिली तार स्वतः तोडली! खण्णकन! छतावरची कबुतरं उडाली. तार उडून एवारिस्तोच्या गालाला लागली. त्याला थांबावंच लागलं.

त्यानं पेटी बंद केली. माइकजवळ तोंड नेलं.

"कंपाद्रे," तो म्हणाला, "मला मोजता येत नाही. कधीच येत नव्हतं. वीस वर्षं तूच मोजत होतास."

निकानोरनं खिशातून हात काढले. त्याचे कोंगे घरी होते. त्यानं एक लाकडी खुर्ची उलटी करून मांडीत धरली. पेटी फेकून देईल असं मला वाटलं होतं. नाही. तो वाकून तिच्याशी बोलला, "बाई, तू चांगली आहेस. तुला दार चुकीचं दाखवलंय." मग एवारिस्तोला म्हणाला, "हं, गाणं सुरू कर." त्यानं एक घर जाऊ दिलं, आणि पुढच्या घराच्या उंबऱ्यावर बटण दाबलं.

बस्. एवढंच. पेटी तीच, गाणं तेच, पण जमीन परत आली. खुर्चीच्या पाठीवर ते दोन मोठे हात पडले, आणि रेफुहियो आत्या सगळ्यांच्या आधी उठली. ग्रासिएलाचं पाऊल पडलं, दुसरं पडलं, मग ती मोजायचं विसरली. तिसऱ्यांदा ते गाणं वाजलं तेव्हा तिला शब्द पाठ झाले होते. एवारिस्तोनं ते ऐकलं आणि माझ्यावरचा त्याचा हात अगदी हलका झाला. पुढे त्या गाण्याची रेकॉर्ड निघाली, तिच्यावर पेटीही आहे आणि खुर्चीही.

तर मित्रांनो, आम्हां वाद्यांना जपा. ओल्या भिंतीला टेकवू नका. घामेजल्या हातांनी वाजवलंत तर तारा पुसून ठेवा. एका जुन्या गिटारच्या तुटक्या तारेनं एकदा दोन माणसांची मैत्री वाचवली होती, हे लक्षात असू द्या, कारण मी जर त्या दिवशी तार तोडली नसती, तर...

"कुठली तार?" खिडकी पुसता पुसता ग्रासिएला म्हणाली. हा वर्ग आता तीच घेते. फडकं तिच्या हातातच राहिलं होतं. "पोरांना काय थापा मारतेस गं? सहाच्या सहा तारा शाबूत होत्या. मी दोन हात अंतरावर उभी होते. पापांनी स्वतः हात उचलला, भर गाण्यात, सगळ्यांसमोर. तू तर वाजतच होतीस."