पाण्यातली लांबी

आमच्या वाडीच्या शिडांच्या शर्यतीत पहिला कोण आला, हे काठावरची माणसं ठरवत नाहीत. मी ठरवते. म्हणजे ठरवत होते.

मी डेल्सी. मालवणच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून सगळी वाडी मला टीचर म्हणते. चर्चच्या फेस्तानंतरच्या, म्हणजे सणानंतरच्या, रविवारी इथे होड्यांची शर्यत लागते. पूर्वी सगळ्या होड्या लाकडाच्या आणि एकाच घडणीच्या असायच्या, तेव्हा जो आधी पोचला तो पहिला. मग फायबरच्या होड्या आल्या. कोणाची लांब, कोणाची आखूड. भांडणं सुरू झाली तसे शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे लोक माझ्याकडे आले आणि म्हणाले, टीचर, तुम्हीच काहीतरी हिशेब बसवा.

मी बसवला. शिडाची होडी जितकी लांब तितकी ती पळायला सरस, एवढं मला पुस्तकातून कळलं होतं. मग मी टेप घेऊन वाळूवर ओढलेली प्रत्येक होडी टोकापासून टोकापर्यंत मोजली आणि लांबीवरून तिला एक आकडा दिला. लागलेल्या वेळाला आकड्याने गुणायचं. लांब होडीचा वेळ वाढतो, आखूड होडीचा कमी होतो. गुणून ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, तो पहिला. माझा सख्खा भाचा क्लेटन फायबरची होडी उतरवायचा. माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याची होडी मी दोनदा मोजली आणि त्याला कधी अर्धा सेकंदही सोडला नाही. माझ्या न्यायाचा मला फार तोरा होता.

गुणाजीची होडी लाकडाची, त्याच्या वडिलांनी बांधून घेतलेली, सत्तावीस फूट. सुकाणूवर गुणाजी आणि शिडाच्या दोरावर त्याचा मुलगा किरण. ही जोडी वळण घ्यायला लागली की बाजारात जायला निघालेल्या बायकाही थांबून बघायच्या. सहा वर्षं ते शर्यतीत होते, आणि बहुतेकदा डोळ्यांदेखत सगळ्यांच्या आधी यायचे. मग मी कागद वाचायची आणि ते दुसरे व्हायचे. काठावर कुजबुज व्हायची. मी चष्म्यावरून बघितलं की ती थांबायची.

तीन वर्षांपूर्वी ते क्लेटनच्या अडीच मिनिटं आधी आले. मी गुणाकार केला. क्लेटन पहिला, गुणाजी एकेचाळीस सेकंदांनी दुसरा. किरण तिथल्या तिथे म्हणाला की हे बरोबर नाही, यापेक्षा चांगली होडी हाकणं शक्यच नव्हतं. तेव्हा गुणाजी सगळ्यांसमोर त्याच्यावर उखडला.

"टीचरचो आकडो खोटो बोलूचो नाय. शेवटच्या वळणार दोर तुझ्या हातात होतो. चूक तुझ्या हातात आसा."

किरणने हातातला दोर नीट गुंडाळून होडीत ठेवला आणि घरी गेला. त्याच आठवड्यात तो कुडाळला एमआयडीसीत कामाला लागला. मालवणहून कुडाळ एसटीने तासाभराचं, पण तो त्यानंतर एकदाही घरी आला नाही. बाप समुद्रात गेला असेल ती वेळ बघून आईला फोन करायचा. गुणाजीने पुन्हा होडीला शर्यतीचं शीड चढवलं नाही.

आणि त्या दिवशी, वाळूवर उभं राहून ते ऐकताना मला काय वाटलं, तेही सांगते, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. बाप मुलापेक्षा माझ्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो, याचं मला कौतुक वाटलं.

यंदा ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मी किनाऱ्यावरून चर्चहून परत येत होते. गुणाजीची बायको विमला होडीला डांबर लावत बसली होती. मी जरा टेकले. होडीचा तळ काळाभोर झाला होता, पण पुढचं टोक, ज्याला आम्ही नाळ म्हणतो, ते तसंच कोरडं होतं. जुन्या होड्यांची नाळ अशी लांबलचक पुढे झुकलेली असते. मी तिला चिडवलं की डांबर घरी भाजीत घालणार आहेस की काय, टोकापर्यंत लाव की.

"थंय कित्याक लावू?" विमला म्हणाली. "थंय पाणी लागणाच नाय, टीचर."

ती पुन्हा कामाला लागली. मी मात्र उठू शकले नाही. काळा रंग जिथे संपत होता तिथे मी बघत राहिले. तिथून नाळेच्या टोकापर्यंत चांगले साडेचार फूट असतील. पाण्याला न शिवणारं लाकूड होडीला वेग कसा देणार? पळते ती पाण्यातली लांबी. हे पुस्तकातही असणार, मी धड वाचलं नाही. होड्या वाळूवर सापडल्या म्हणून मी वाळूवर मोजल्या. फायबरच्या होडीचं टोक जवळजवळ सरळ उभं असतं, तिचा त्यात काही तोटा झाला नाही. तोटा सगळा लाकडाच्या होडीचा. एवढ्या वर्षांत एकदा, एकच होडी मी पाण्यात मोजली असती तरी कळलं असतं.

घरून टेप आणून मी ते मोजलं, साडेचारच भरले, आणि मग जुन्या वह्या काढल्या. दुपारपर्यंत सहाही शर्यती पुन्हा मांडल्या. विजेत्याला मिळणाऱ्या ढालीवर क्लेटनचं नाव चारदा कोरलंय, त्यातली तीन वर्षं गुणाजीची निघाली. शेवटच्या त्या शर्यतीत तो दोन मिनिटांहून जास्त फरकाने पहिला होता. तीन वेळा गणित तपासलं. चूक सापडली असती तर मी देवाचे आभार मानले असते.

क्लेटनला आधी सांगितलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ढाल घेऊन आला आणि म्हणाला, ही त्यांना दे. मी ढाल घेऊन गुणाजीच्या अंगणात गेले. तो जाळं विणत होता. मी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. माफी मागितली. त्याने ढालीकडे बघितलंसुद्धा नाही. बराच वेळ जाळ्यातलं एकच घर चाचपत बसला.

"ह्या सगळा किरणाक सांगा," शेवटी तो म्हणाला. "माझा बोलणा तो आयकूचो नाय. आकडो तुमचो. तुमीच सांगा."

रविवारी आम्ही दोघं एसटीने कुडाळला गेलो. किरणला मी स्टँडवर बोलावलं होतं, बाप बरोबर आहे हे न सांगता. तो आला, बापाला बघून थबकला, पण परत फिरला नाही. अंगाने सुटला होता. मी त्याला बाकावर बसवलं आणि कागद दाखवला. डांबराची रेघ, साडेचार फूट, जुना आकडा, नवा आकडा. वर्गात समजावते तसं समजावलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते बोलता आलं नसतं. सगळ्यात शेवटी म्हटलं, "चूक तुझ्या हातात नव्हती रे. माझ्या टेपात होती."

किरणने कागद दोनदा वाचला. मग बापाकडे न बघता, कागदाकडेच बघत म्हणाला, "शेवटच्या वळणार मी दोर येळेवर सोडललंय."

गुणाजी बाजूला उभा होता. दोन्ही हातांनी छत्रीची मूठ धरली होती.

"होय," तो म्हणाला. "सोडललंस. माका दिसलला. पण आकडो येगळाच सांगी होतो."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने बघितलं असतं तर बरं झालं असतं.