पत्रकावरची बाई

नॉव्हलेट ब्रॅमवेल इंग्लंडमधल्या हॅडरली गावात सव्वीस वर्षं बस चालवत होती, आणि त्यातली अकरा वर्षं लाल पक्षाच्या पत्रकांवरच्या फोटोत हसत होती. निवडणूक जवळ आली की पक्षाचे चिटणीस ग्रॅहम ट्यूनिक्लिफ यांचा फोन यायचा, "शनिवारी अर्धा तास मोकळ्या आहात का? आणि तो निळा कोट तेवढा घालू नका." मग नॉव्हलेटने उमेदवाराशेजारी उभं राहून रस्त्यातल्या खड्ड्याकडे बोट दाखवायचं. उमेदवार बदलत गेले. आधी कॉलिन, मग कीथ, मग दुसरा कीथ. खड्डा आणि नॉव्हलेट मात्र कायम. पक्षाच्या गावशाखेत काळं माणूस ती एकटीच, म्हणून तिच्याशिवाय पत्रक निघत नसे. खाली छापलेलं असायचं, 'स्थानिक रहिवासी'.

मार्चमधल्या एका सकाळी तिचा नवरा एव्हराल्ड नाश्त्याला केळी तळत होता. दारातलं टपाल उचलून तो आत आला तो हसतच.

"नॉव्ही, पक्ष बदललास आणि नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाहीस?"

पत्रक निळ्या पक्षाचं होतं आणि त्यावर नॉव्हलेट होती. शेजारी निळ्यांचा उमेदवार, मागे बाजारातली भाजीची गाडी. गेल्या उन्हाळ्यात रताळी घेताना कुणीतरी विनोद केला होता आणि ती खळखळून हसली होती, तेव्हाच कुणीतरी तो फोटो टिपला असणार. खाली तेच, 'स्थानिक रहिवासी'.

"फोटोत दात छान आलेत पण," एव्हराल्ड म्हणाला.

नॉव्हलेटच्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच उठून ती धोबीखान्यावरच्या पक्ष कार्यालयात गेली. ग्रॅहमनी पत्रक पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे अतीच झालं! आमचा चेहरा चोरला त्यांनी!"

"तुमचा?"

"म्हणजे... पक्षाचा, आपल्या सगळ्यांचा."

"चेहऱ्याला तोंडही असतं, ग्रॅहम. त्यातून काय निघतं, हे अकरा वर्षांत एकदा तरी विचारलंत का?"

ग्रॅहम माणूस वाईट नव्हता. त्यांनी गडबडून बिस्किटांचा डबा पुढे केला. नॉव्हलेटने दोन बिस्किटं घेतली आणि म्हणाली, "दुसरा कीथ स्पेनला राहायला गेला ना? मिल लेनची नगरसेवकाची जागा रिकामी आहे. इच्छुकांत माझं नाव लिहा."

हे बोलताना तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. घरी पोचेपर्यंत तीनदा वाटलं, फोन करून नको म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दारात फिलिपा ऑर्मेरॉड उभ्या. या निळ्या पक्षाच्या संघटक, हातात पिवळी फुलं. फोटोबद्दल मनापासून माफी मागून झाली. मग चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, तुम्ही आमच्याकडूनच उभ्या राहा. विचार करा, इथल्या आमच्या शाखेत तुम्ही पहिल्या असाल."

"पहिली काय?" नॉव्हलेटने विचारलं.

फिलिपाबाई गळ्यापासून कानापर्यंत लालबुंद झाल्या. "पहिल्या... बस ड्रायव्हर."

आत स्वयंपाकघरात एव्हराल्डला खोकल्याची जोरदार उबळ आली.

उमेदवार ठरवायची सभा चर्चच्या सभागृहात भरली. छत्तीस सभासद, चहाचं मोठं भांडं आणि दोन इच्छुक. दुसरा होता परमिंदर गिल, कर सल्लागार, जन्म कॉव्हेंट्रीचा. ग्रॅहम दोघांनाही कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "तुमच्या समाजाबद्दल बोला हं."

पहिला प्रश्न परमिंदरला आला. गुरुद्वाऱ्याची किती मतं आणाल?

"गुरुद्वाऱ्यात मी शेवटचा गेलो माझ्या लग्नाला," परमिंदर म्हणाला. "बायको अजून त्यावरून बोलते."

मग मॉरीन नावाच्या म्हाताऱ्या सभासदबाईंनी नॉव्हलेटला विचारलं, "तुमच्या समाजाला नेमकं काय हवंय?"

"कुठल्या समाजाला, मॉरीन? मी चर्चच्या गायकांत आहे, त्यांना हीटर हवाय. वजन उतरवणाऱ्या बायकांच्या मंडळात आहे, त्यांना केक हवाय. आणि बस डेपोत आहे, तिथे सगळ्यांना रविवारची सुट्टी हवीय."

लोक हसले. नॉव्हलेटने खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि त्रेसष्ट नंबरच्या बसबद्दल बोलायला लागली. ती बस रविवारी बंद केल्यापासून वृद्धाश्रमातल्या आया पहाटे चार मैल चालत कामाला जातात. त्यातल्या गोऱ्या किती नि काळ्या किती, हे तिने कधी मोजलं नव्हतं. पण कुणाचा गुडघा दुखतो, ते ती नावानिशी सांगू शकत होती. तिने सांगितलंही.

ती एकोणीस विरुद्ध सतरा मतांनी निवडली गेली. परमिंदर येऊन हात मिळवत म्हणाला, "बरं झालं. मी जिंकलो असतो तर दर रविवारी गुरुद्वाऱ्यात जावं लागलं असतं." आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याबरोबर प्रचाराला यायला लागला.

मिल लेनच्या कोपऱ्यावर रॉन नावाचा म्हातारा राहायचा. भलामोठा कुत्रा पट्ट्याला धरून त्याने दार उघडलं. "तुमच्यासारख्यांना मी मत देत नाही."

परमिंदर ताठ झाला. नॉव्हलेटने शांतपणे विचारलं, "आमच्यासारखे म्हणजे कुठले?"

"लाल! तीस वर्षं मत दिलं, आणि दारासमोरचा दिवा अजून लागत नाही."

नॉव्हलेटला इतकं हलकं वाटलं की त्याला मिठीच मारावीशी वाटली. त्याऐवजी तिने दिव्याच्या खांबाचा नंबर लिहून घेतला.

त्यानंतरचं घर सिस्टर व्हर्बीना लॉजचं. म्हातारी चौऱ्याऐंशी वर्षांची, नॉव्हलेटच्याच चर्चमधली म्हणून 'सिस्टर', जमैकात तिच्या आईच्या गावची. यादीत नॉव्हलेटने तिच्या नावापुढे आधीच 'पक्कं' अशी खूण केली होती. म्हातारीने ती चष्म्यावरून बरोब्बर पाहिली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच, सिस्टर."

"पोरी, तुला मी मांडीवर खेळवलंय. पण मी दुकान चालवलं, स्वतःच्या हिमतीवर घर घेतलं, आणि सगळा जन्म निळ्यांना मत दिलं. माझा रंग बघून माझं मत मलाच सांगणारे गोरे मी साठ वर्षं ऐकले. आता तुझ्याकडूनही तेच ऐकू का?"

नॉव्हलेटने हातातल्या यादीकडे पाहिलं. मॉरीनला सभेत हसण्यावारी नेणारी आपण, आणि पेन हातात आल्यावर आपणही तेच केलं. तिने यादीतली खूण खोडली.

"चुकलं माझं, सिस्टर."

"चुकलंच. आता आत या, आल्याचा केक आहे. हा पोरगा फारच वाळलाय." पन्नाशीतल्या परमिंदरने मुकाट्याने तीन तुकडे खाल्ले. म्हातारीने रविवारच्या बसबद्दल तासभर उलटतपासणी घेतली, पण मत कुणाला देणार ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मतमोजणी शुक्रवारी दुपारी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये झाली. पहिल्या मोजणीत नॉव्हलेट सव्वीस मतांनी पुढे, फेरमोजणीत तेवीस मतांनी. एव्हराल्ड एवढ्या जोरात ओरडला की मोजणाऱ्या बाईच्या हातून गठ्ठा पडला. फिलिपाबाईंनी येऊन अभिनंदन केलं आणि ग्रॅहमनी डोळे पुसले.

शनिवारी सकाळी सात वाजता दाराची घंटा वाजली. नॉव्हलेट डोळे चोळत, घरातल्या झग्यातच खाली गेली. दारात एक तरुण बाई, कडेवर मूल, पायात चपला.

"तुम्हीच नगरसेविका ना? आमच्या गल्लीतला कचरा तीन आठवडे उचललेला नाही. उंदीर झालेत."

"कुठली गल्ली?"

"क्वारी स्ट्रीट. आत्ता येता का? मग मूल झोपतं माझं."

नॉव्हलेटने झग्यावरच कोट चढवला, एव्हराल्डला चहा ठेवायला सांगितलं आणि तिच्याबरोबर निघाली.