मोईजच्याच शिफ्टमध्ये

वर्षाली चाकणच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. तिथे गिअर तपासणारा कॅमेरा आठवडाभर रोज दुपारच्या आत बंद पडत होता, तोही फक्त मोईजच्या शिफ्टमध्ये.

"दुसऱ्यांच्या हातात कसा चालतो मग?" सुपरवायझर उद्धवराव म्हणाले. "मुद्दाम करतोय. आराम पाहिजे त्याला."

वर्षालीलाही ते पटलं. दोन दिवस ती काचेआडून मोईजवर नजर ठेवून होती. तो मान वर न करता गिअर ठेवत होता. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत कॅमेरा बंद पडला. मोईजचे दोन्ही हात गिअरवरच होते. तरी तिला वाटलं, आधीच काहीतरी करून ठेवलं असणार. उद्धवरावांनी त्याला पॅकिंगला पाठवलं. तो मुकाट्याने गेला, हे तर तिला जास्तच खटकलं.

मग तिने कॉम्प्युटरमधल्या नोंदी उघडल्या. कॅमेऱ्याचा प्रोग्राम माणसाने बंद केलाच नव्हता, ऑपरेटिंग सिस्टिमने केला होता. चालू प्रोग्रामना मेमरी वाटून देणं हे या सिस्टिमचं काम. मेमरी संपली की सगळं ठप्प होऊ नये म्हणून ती बहुधा सर्वांत जास्त मेमरी अडवणाऱ्यालाच बंद करते. कॅमेऱ्याला पहिल्यापासून जास्त लागायची. मग उरलेली कोण खात होतं?

तिने स्वतः एकेक गिअर ठेवून पाहिला. दर गिअरमागे लेबल छापणारा छोटा प्रोग्राम फुगत होता. छापून झालेल्या लेबलाचं चित्र तो मेमरीत तसंच धरून ठेवायचा, सोडायचा नाही. तो प्रोग्राम वर्षालीनेच लिहून नुकताच बसवला होता.

शिफ्ट बदलताना कॉम्प्युटर बंद करून चालू केला की मेमरी मोकळी व्हायची. इतरांच्या शिफ्टमध्ये ती भरेपर्यंत वेळ संपायची. मोईज इतरांच्या दीडपट गिअर तपासायचा.

ती पॅकिंगला गेली. "चूक माझी होती, मोईजभाई."

"लेबल आधी अडकतं, मग कॅमेरा जातो, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मॅडम."

तिला ते आठवलं. तिने ऐकून सोडून दिलं होतं.

"सगळ्यांसमोर सांगाल?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होताना तिने सांगितलं. उद्धवराव जमिनीकडे बघत राहिले. मोईज आपल्या जागेवर परतला. प्रोग्राम दुरुस्त झाला, कॅमेरा चालू राहिला; पण मोईज पुढे बरेच महिने तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.